घर डेन्व्हरला, बेस न्यूअर्कला: घर हलवायचं की ये-जा करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून निवड झाली. ट्रेनिंगच्या वर्गात विमान मिळालं बोइंग ७३७ आणि बेस, म्हणजे जिथून तुमचं काम सुरू होतं तो विमानतळ, मिळाला न्यूयॉर्कजवळचा न्यूअर्क. घर डेन्व्हरला, जोडीदाराची नोकरी तिथेच, मुलं तिथल्या शाळेत. घर हलवावं की डेन्व्हरहून ये-जा करावी? आणि करायची तर कशी?

आधी सरळ उत्तर देतो. पहिलं वर्षभर घर हलवू नका. पण रिझर्व्हवर, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक नसून बोलावलं की हजर व्हायचं अशा कामावर, असेपर्यंत तुम्ही न्यूअर्कला राहता आणि सुट्टीत डेन्व्हरला जाता, अशीच मनाची आणि कॅलेंडरची मांडणी करा. लाइन, म्हणजे महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक, मिळाली की हे उलटं होईल. रिझर्व्हवर असतानाच लाइनवाल्यासारखी ये-जा करायला जातात, तिथेच बहुतेक नवे पायलट अडचणीत येतात.

बेस कसा मिळतो, हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. अमेरिकी कंपन्यांत विमानाचा प्रकार, डावी की उजवी खुर्ची आणि बेस हे तिन्ही सीनियॉरिटी नंबरवर ठरतं. हा नंबर रुजू होण्याच्या तारखेवरून लागतो आणि एका वर्गातल्यांमध्ये वय किंवा तसाच एखादा ठरलेला निकष लावतात. नव्या माणसाच्या वाट्याला येतो तो बेस जिथे जुन्यांना जायचं नसतं. न्यूयॉर्क परिसर वर्षानुवर्षं असा 'ज्युनियर' बेस आहे. डेन्व्हरसारख्या ठिकाणी ज्यांची घरं आहेत ते तिथून हलत नाहीत, म्हणून तो बेस सीनियर राहतो.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. रोजच्या आयुष्यात तुमचा संपूर्ण कंपनीतला नंबर फारसा उपयोगाचा नसतो, त्या बेसवर, त्या विमानावर, त्या खुर्चीत तुम्ही कितवे हे बघायचं असतं. समजा न्यूअर्कला ७३७ चे ५०० फर्स्ट ऑफिसर आहेत आणि तुम्ही ४००वे आहात. डेन्व्हरला ६०० आहेत आणि तिथे गेलात तर ५९०वे व्हाल. म्हणजे न्यूअर्कला ८० टक्क्यांवर, डेन्व्हरला ९८ टक्क्यांवर. न्यूअर्कला कदाचित महिन्याची ठरलेली लाइन मिळेल, डेन्व्हरला मात्र वर्षानुवर्षं रिझर्व्ह, सगळे सण आणि शनिवार-रविवार ड्युटी. 'दूरच्या बेसला लाइन की घरच्या बेसला रिझर्व्ह' हा खरा सौदा आहे, आणि घरच्या बेसचा रिझर्व्हसुद्धा पुष्कळदा चांगला ठरतो, कारण फोन आला नाही तर तुम्ही स्वतःच्या घरात असता. बेस बदलण्याचा अर्ज पहिल्या दिवसापासून टाकून ठेवा. तेच विमान, तीच खुर्ची आणि फक्त बेस बदलायचा असेल तर नवं ट्रेनिंग लागत नाही, त्यामुळे नंबर लागला की बदली लवकर होते. विमान बदललं की ट्रेनिंग आलं आणि त्यामागे सीट लॉक, म्हणजे ठरावीक काळ बदल मागता न येण्याचं बंधन, आला. घाईत 'मोठं विमान' मागितलं आणि दोन वर्षं नको त्या बेसला अडकलं, असं होतं.

आता रात्रींचा हिशोब करू. चार दिवसांची ट्रिप म्हणजे तीन रात्री बाहेर. महिन्यात अशा चार ट्रिपा धरल्या तर १२ रात्री. पण ट्रिपचा रिपोर्टिंग टाइम (कामावर हजर व्हायची वेळ) पहाटेचा असेल तर तुम्हाला आदल्या संध्याकाळी न्यूअर्क गाठावं लागतं. शेवटच्या दिवशी रात्री दहाला सुटलात तर घरी जायला विमान नसतं, आणखी एक रात्र तिथेच. म्हणजे तीनाच्या पाच रात्री, महिन्याच्या १२ च्या २०. पगार तेवढाच. म्हणून बिड करताना, म्हणजे ट्रिपांची पसंती देताना, ट्रिपमध्ये किती तासांचं क्रेडिट (पगाराचे तास) आहे एवढंच पाहू नका. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट आणि शेवटच्या दिवसाचा रिलीज (सुटण्याची वेळ) आधी बघा. पीबीएसमध्ये, म्हणजे ज्या संगणकीय पद्धतीने आपण पसंती नोंदवतो तिथे, 'रिपोर्ट अमुक वेळेनंतर' आणि 'रिलीज अमुक वेळेआधी' या दोन अटी सगळ्यात वर टाका. क्रेडिट, थांब्याचं गाव, सुट्टीचा वार हे सगळं त्याखाली. एका दिवसाच्या ट्रिपा ये-जा करणाऱ्यासाठी नसतात. नाइलाजाने घ्याव्याच लागल्या तर सलग तीन-चार लावून घ्या आणि तेवढे दिवस तिथेच राहा.

डेन्व्हर आणि न्यूअर्क या जोडीत आणखी एक अडचण आहे. न्यूअर्कचं घड्याळ दोन तास पुढे असतं. पूर्वेकडे कामाला जाणाऱ्याचे हे दोन तास दर वेळी जातात. दुपारी एकचा रिपोर्ट धरा. डेन्व्हरहून सकाळी सहाला सुटणारं विमान पावणेचार-चार तासांत पोचतं, म्हणजे न्यूअर्कच्या घड्याळात साधारण पावणेबारा-बारा वाजता. त्यानंतरचं विमान तासाभराने असेल तर ते रिपोर्टिंगला पोचत नाही. म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे एकच विमान आहे आणि पर्यायी विमान नाही. कागदावर 'कम्यूटेबल' (ये-जा करून जमणारी) दिसणारी ही ट्रिप डेन्व्हरहून कम्यूटेबल नाही. हेच उलट, न्यूअर्कला राहून डेन्व्हरला बेस असता, तर सकाळी सातला निघालेला माणूस डेन्व्हरच्या सव्वानऊला पोचला असता आणि एकच्या रिपोर्टिंगआधी आणखी दोन विमानं हातात राहिली असती.

याच उदाहरणात झोपेचा हिशोब घाला. सहाच्या विमानासाठी तुम्ही साडेतीनला उठलात. न्यूअर्कच्या घड्याळात तेव्हा साडेपाच वाजलेत. एकला रिपोर्ट. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, भाग ११७ या ड्युटी-विश्रांतीच्या नियमांतल्या तक्त्यानुसार दुपारी १ ते ४:५९ या वेळेत सुरू होणारी ड्युटी, चार सेक्टरपर्यंत (उड्डाणांपर्यंत), १२ तास चालू शकते. म्हणजे रात्री एकपर्यंत. शेवटचं लँडिंग होताना तुम्ही एकोणीस तासांहून जास्त वेळ जागे आहात. अनपेक्षित अडचण आली तर कॅप्टनच्या संमतीने ड्युटी आणखी दोन तास वाढू शकते. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, हे १९९७ पासून अभ्यासांतून दिसलेलं आहे. नियम मोडलेला नाही, कंपनीची चूक नाही, सगळं कायदेशीर आहे आणि तरीही तुम्ही त्या खुर्चीत बसण्याच्या अवस्थेत नाही.

असं का होतं? भाग ११७ मध्ये कंपनीने प्रवासी म्हणून पाठवलेला डेडहेड प्रवास ड्युटीत मोजतात. तुम्ही स्वतःच्या सोयीने केलेली ये-जा मात्र तुमच्या विश्रांतीच्या वेळेत पडते. ड्युटीआधी किमान १० तासांची विश्रांती आणि त्यात ८ तास सलग झोपेची संधी, हा नियम कंपनीवर आहे. ती संधी तुम्ही विमानात बसून घालवली तर घड्याळ काही म्हणत नाही. पण त्याच भागातलं ११७.५ कलम सांगतं की ड्युटीसाठी तंदुरुस्त नसलेल्या माणसाने कामावर यायचंच नाही, आणि प्रत्येक फ्लाइटच्या आधी तुम्ही तंदुरुस्त असल्याचं तुम्हीच नोंदवता. थोडक्यात, ये-जा तुमची आणि तिचा थकवाही तुमच्याच सहीखाली.

वेळेच्या पट्ट्यांबाबतही नियम तुमच्या मदतीला येत नाही. ६० रेखांशांच्या आतला प्रदेश एकच 'थिएटर' धरतात आणि अमेरिकेची मुख्य भूमी जवळपास सगळी त्यात बसते. त्यामुळे डेन्व्हरहून आलेला पायलट कागदावर न्यूअर्कच्या वेळेला सरावलेलाच असतो. पहाटे पावणेसहाच्या रिपोर्टला तक्ता १२ तासांची ड्युटी देतो. तुमच्या शरीरात तेव्हा पावणेचार वाजलेले असतात, आणि पावणेचारला सुरू होणाऱ्या ड्युटीला हाच तक्ता फक्त ९ तास देतो. पहाटेच्या ट्रिपा टाळता येत नसतील तर आदल्या दिवशी दुपारीच न्यूअर्कला पोचा, आणि शक्य असेल तर त्याआधीचे दोन दिवस घरी रोज तासभर लवकर झोपायला सुरुवात करा. आदल्या रात्री नऊला पोचून 'सहा तास तरी मिळतील' हा हिशोब फसतो, कारण तुमच्या शरीरासाठी ते संध्याकाळचे सात असतात आणि तेव्हा झोप येत नाही.

हे सगळं इतकं ठासून सांगण्यामागे एक अपघात आहे, आणि तो याच बेसशी जोडलेला आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरची फ्लाइट ३४०७ न्यूअर्कहून बफलोला जाताना पडली. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. दोन्ही वैमानिकांचा बेस न्यूअर्क होता आणि दोघांचीही घरं दूर होती. कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती. फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर प्रवास करून, मेम्फिसला विमान बदलून, त्याच दिवशी सकाळी पोचल्या होत्या. एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने अपघाताचं कारण म्हणून कॅप्टनने स्टिक शेकरला (विमान स्टॉल होऊ लागल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेला) दिलेला चुकीचा प्रतिसाद नोंदवला. थकव्यामुळे दोघांच्या कामगिरीवर परिणाम झालेला असणार, मात्र तो किती हे निश्चित ठरवता येत नाही, असंही म्हटलं. त्या वेळी कंपनीच्या न्यूअर्क बेसच्या १३७ पैकी ९३ वैमानिकांनी आपण ये-जा करत असल्याचं सांगितलं होतं. यानंतर अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, ये-जा या विषयावर स्वतंत्र अभ्यास झाला आणि भाग ११७ जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला. पण ये-जा किती अंतराची असावी यावर मर्यादा आली नाही. युरोपात निदान लेखी मार्गदर्शन आहे: घरापासून बेसपर्यंत जायला नेहमी ९० मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या राहण्याच्या सोयीचा विचार करावा. अमेरिकेत असाल तरी हा आकडा स्वतःसाठी लावून घ्यायला हरकत नाही.

आता रिझर्व्ह. शॉर्ट कॉलमध्ये, म्हणजे लगेच हजर व्हायच्या रिझर्व्हमध्ये, तुमचा उपलब्धतेचा काळ जास्तीत जास्त १४ तासांचा असतो आणि फोन आल्यापासून साधारण दोन तासांत हजर व्हावं लागतं. नेमका वेळ तुमच्या करारात बघा. हे डेन्व्हरला बसून शक्य नाही, हे उघड आहे. पण उपलब्धतेच्या काळात विमानात बसणंही चालत नाही, कारण तेव्हा फोन लागत नाही. शेवटच्या दिवशी 'आता काय बोलावणार' म्हणून दोन तास आधी घरचं विमान पकडलं आणि नेमका तेव्हाच फोन आला, तर ती गैरहजेरी ठरते. प्रोबेशनच्या पहिल्या वर्षात अशी नोंद परवडत नाही. त्या वर्षात युनियनचं संरक्षणही बहुतेक करारांत अपुरं असतं. लवकर सोडायला हवं असेल तर शेड्युलिंगला विचारा आणि त्यांनी सिस्टिममध्ये रिलीज टाकलेलं दिसल्याशिवाय गेटकडे जाऊ नका.

शॉर्ट कॉलचा दुसरा मुद्दा: उपलब्धतेचा काळ सुरू झाल्यापासून ड्युटी संपेपर्यंत, दोन वैमानिकांच्या कामात, एकूण १६ तास किंवा तक्त्यातली ड्युटी अधिक ४ तास, यांपैकी जे कमी ते. पहाटे चारला सुरू होणाऱ्या रिझर्व्हवर दुपारी बाराचं काम मिळालं तर ते रात्री आठपर्यंत चालू शकतं. म्हणून चारला सुरू होणाऱ्या रिझर्व्हच्या आदल्या रात्रीची झोप ही ट्रिपच्या आदल्या रात्रीइतकीच गंभीरपणे घ्यायची.

लाँग कॉलला १२ तास किंवा त्याहून जास्त अवधी मिळतो, म्हणून बरेच जण घरी थांबतात. दुपारी फोन आला तर जमतं. पण संध्याकाळी सातला फोन आला की उद्या सकाळी सातचा रिपोर्ट, तर तुमच्या हातात फक्त रात्रीचं रेड-आय उरतं. ते पहाटे पाच-सहाला पोचतं. पोचलात, पण झोपला नाहीत. लाँग कॉलवर घरी थांबायचंच असेल तर रोज दुपारनंतर कंपनीच्या खुल्या ट्रिपांची यादी आणि तुमच्या पुढे किती रिझर्व्ह शिल्लक आहेत ते पाहा. यादीत सकाळच्या ट्रिपा उरलेल्या आणि पुढे दोन-तीनच माणसं असतील, तर फोनची वाट न बघता संध्याकाळच्या विमानाने निघा.

विमानं निवडताना सांभाळायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण तीनच इथे सांगतो, कारण चुका बहुतेक त्यांतच होतात. पहिली, दिवसाचं पहिलं विमान. ते रात्री तिथेच मुक्कामाला असतं, त्यामुळे मागच्या फ्लाइटचा उशीर त्याला लागत नाही. दुपारनंतरच्या प्रत्येक फ्लाइटसाठी ते विमान आत्ता कुठे आहे ते बघा, गेटवरच्या पाटीवर विसंबू नका. दुसरी, न्यूअर्कचं ग्राउंड डिले. ढग खाली आले किंवा वारा आडवा झाला की एफएए न्यूअर्कला येणाऱ्या विमानांना सुटण्याच्या नव्या वेळा देते, आणि डेन्व्हरला स्वच्छ ऊन असताना तुमचं सहाचं विमान नऊला सुटतं. आदल्या रात्री आणि पहाटे उठल्याउठल्या एफएएचं हवाई वाहतूक स्थितीचं पान आणि न्यूअर्कचा टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज), दोन्ही बघा.

तिसरी गोष्ट वजन. पोचायच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचा तळ २००० फुटांखाली किंवा दृश्यता ३ मैलांखाली जाणार असा अंदाज असेल, तर डिस्पॅचरला (कंपनीत उड्डाणाची आखणी करणाऱ्याला) पर्यायी विमानतळ धरावा लागतो. तिथपर्यंतचं जादा इंधन भरलं जातं. डेन्व्हरची धावपट्टी ५४०० फुटांच्या आसपासच्या उंचीवर आहे, उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणजे टेकऑफचं वजन आधीच आवळलेलं. मग सगळ्यात आधी उतरतो तो जंपसीटवाला, म्हणजे तिकीट न काढता जाणारा पायलट, जागा रिकामी असली तरी. विशेषतः छोट्या रीजनल जेटवर. म्हणून 'आज दोन सीट मोकळ्या आहेत' एवढ्यावर समाधान मानू नका, हवामान बघून मग मोजा.

पर्याय शोधताना फक्त न्यूअर्क बघू नका. न्यूयॉर्कच्याच लागार्डिया विमानतळाला १५०० मैलांपलीकडच्या थेट विमानांवर मर्यादा आहे, पण डेन्व्हरला त्यातून सूट आहे, त्यामुळे डेन्व्हर-लागार्डिया थेट विमानं असतात. न्यूयॉर्कचंच केनेडी आहे, फिलाडेल्फिया आहे. न्यूअर्क विमानतळाला स्वतःचं रेल्वे स्टेशन असल्याने फिलाडेल्फियाहून गाडीनेही येता येतं. हे सगळं कागदावर वेळांसकट आधीच लिहून ठेवा. गेटवर उभं राहून शोधायची ही गोष्ट नाही. आणि न्यूयॉर्क परिसरातल्या काही कंपन्या दोन-तीन विमानतळ मिळून एकच बेस धरतात. तसं असेल तर ट्रिप कुठून सुरू होते आणि कुठे संपते, ते दर वेळी तपासा. केनेडी ते न्यूअर्क हे अंतर नकाशावर छोटं दिसतं, वाहतूक असली तर रस्त्याने दोन तासही जातात.

जंपसीटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ये-जा करणाऱ्याचं निम्मं आयुष्य त्यावर चालतं आणि तिथल्या चुका लोक लक्षात ठेवतात. आधी केबिनमध्ये सीट मिळते का बघा. ती नसेल तर कॉकपिटची. स्वतःच्या कंपनीचे पायलट आधी, बाकी कंपन्यांचे नंतर. आपसात क्रम कुठे सीनियॉरिटीचा, कुठे गेटवर आधी आलेल्याचा. गेटवर ओळखपत्र दिलं की एजंट कॅस प्रणालीत तुमची ओळख आणि नोकरी तपासतो. हिरवा शेरा आला म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. शेवटचा शब्द कॅप्टनचा. कॉकपिटच्या दारात थांबा, आत चेकलिस्ट चालू असेल तर ती संपू द्या, मग नाव आणि कंपनी सांगून 'तुमच्यासोबत येऊ का' असं विचारा. ओळखपत्र, लायसन्स आणि मेडिकल हातात तयार ठेवा. नाही म्हटलं तर वाद घालू नका. काही चुकीचं वाटलं तर नंतर युनियनच्या जंपसीट समितीला कळवा.

ती सीट ७३७ वर दोन वैमानिकांच्या मागे, मधोमध उघडते. उघडली की मागचं दार जवळजवळ बंद होतं, त्यामुळे बाथरूमला जायचं ते आधीच उरका. पाठ सरळ, मागे झुकत नाही, गुडघे पुढच्या पेडेस्टलच्या दिशेला, पाच पट्ट्यांचा हार्नेस. बसल्याबसल्या ऑक्सिजन मास्क कुठे आहे ते बघा आणि त्याच्या दोन लाल पाकळ्या चिमटीत दाबून एकदा तपासा. हेडसेटचा आवाज लावा. १०,००० फुटांखाली गप्प बसायचं. अपवाद एकच: दोघांच्या नजरेतून सुटलेलं काही तुम्हाला दिसलं, म्हणजे दुसरं विमान, चुकीची धावपट्टी, राहिलेला फ्लॅप, तर लगेच आणि स्पष्ट बोलायचं. आणि ही सीट म्हणजे विश्रांती नव्हे. चार तास तिथे बसून आल्यावर मी विमानात आराम केला असं स्वतःला सांगू नका. बॅग लहान ठेवा, कारण शेवटी चढणाऱ्याची बॅग खाली सामानात जाते. लायसन्स, मेडिकल, औषधं आणि उद्याचा शर्ट त्या बॅगेत कधीच नको.

करारातलं कम्यूटर क्लॉज रुजू होताच वाचा. साधारण रचना अशी असते: रिपोर्टच्या आधी पोचवणारी दोन वेगवेगळी विमानं, दोन्हींत जागा दिसत असताना, तुम्ही प्रत्यक्ष धरायचा प्रयत्न केला आणि तरी पोचला नाहीत, तर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. पैसे मात्र बहुधा जातात, किंवा ट्रिपला मधल्या गावी गाठायला सांगतात. तपशील कंपनीगणिक बदलतो, म्हणून 'साधारण' वर विसंबू नका. दोन्ही विमानांच्या जागांचे स्क्रीनशॉट निघताना काढा, लिस्टिंगची (जागेसाठी नाव लावल्याची) नोंद ठेवा आणि पहिलं विमान हुकलं त्याच क्षणी शेड्युलिंगला फोन करा. रिपोर्टच्या अर्धा तास आधी केलेला फोन वेगळ्या पद्धतीने ऐकला जातो. आणि थकव्यासाठी वेगळी वाट आहे, फटीग कॉल. पोचलात पण उडण्याजोगे नसाल तर ती वापरायची, कम्यूटर क्लॉजमागे लपायचं नाही. त्यावर प्रश्न विचारले जातील आणि ते योग्यच आहे, कारण ये-जा तुमच्या ताब्यात होती.

क्रॅशपॅडचे, म्हणजे बेसजवळ क्रूने मिळून भाड्याने घेतलेल्या झोपायच्या जागेचे, दोन प्रकार. हॉट बेड म्हणजे जो रिकामा असेल तो बंक, कोल्ड बेड म्हणजे तुमचा ठरलेला. रिझर्व्हवर असाल तर कोल्ड बेडच घ्या. महिन्याला १५ रात्री दुसऱ्याच्या चादरीवर झोप लागत नाही. लाइन मिळाल्यावर महिन्याला दोन-तीन रात्रींचाच प्रश्न असेल तर पॅड सोडून हॉटेल घ्या. बघायला जाल तेव्हा एवढं विचारा: एका बाथरूममागे किती माणसं, पहाटे चारला विमानतळावर कसं जायचं, खिडकीला काळा पडदा आहे का, खोलीत धूर अलार्म आणि बाहेर पडायची दुसरी वाट आहे का. शेवटचा मुद्दा फक्त सुरक्षेचा नाही. नियम मोडून भरलेलं घर पालिका एका दिवसात बंद करते आणि तुम्ही सामानासकट रस्त्यावर. क्वीन्समधल्या क्यू गार्डन्समध्ये इतके क्रू राहतात की त्याला 'क्रू गार्डन्स' म्हणतात, पण तो भाग केनेडी आणि लागार्डियासाठी सोयीचा आहे. तुमच्या ट्रिपा न्यूअर्कहून सुटत असतील तर नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीतच बघा. ट्रेनिंग चालू असताना पॅडचं भाडं भरू नका. तेव्हा हॉटेल बहुधा कंपनी देते. लाइनवरचं पहिलं शिकाऊ उड्डाण कधी, हे कळल्यावर घ्या.

कराचं एका वाक्यात: फेडरल कायद्यानुसार विमान कर्मचाऱ्याच्या पगारावर राज्याचा आयकर राहत्या राज्यात, किंवा निम्म्याहून जास्त कमाई ज्या राज्यात होते तिथे लागतो, म्हणून कोलोराडोत राहून न्यूअर्क बेस असल्यामुळे आपोआप न्यू जर्सीचा कर लागत नाही. क्रॅशपॅडचं भाडं मात्र फेडरल करात वजा होत नाही.

मग घर कधी हलवायचं? सहा महिन्यांनी तीन गोष्टी पाहा. न्यूअर्कच्या ७३७ यादीत तुम्ही किती टक्के वर सरकलात. मागच्या दोन-तीन व्हेकन्सी बिडमध्ये (रिकाम्या जागांसाठीच्या मागणीत) डेन्व्हरची सगळ्यात ज्युनियर जागा कोणत्या नंबरला गेली, आणि तुमच्यात व त्या नंबरमध्ये किती अंतर उरलं. आणि मागच्या सहा महिन्यांत तुम्ही घरी किती रात्री झोपलात, अंदाजाने नाही, कॅलेंडरवर मोजून. अंतर दरवर्षी कमी होत असेल आणि लाइन जवळ असेल तर थांबा. डेन्व्हर पाच वर्षांत मिळणार नाही असं दिसत असेल आणि घरच्या रात्री महिन्याला दहाच्या आत असतील, तर हलवणं बरं. हलवताना सुरुवातीला भाड्याने राहा. बेस लहान होतात, बंदही होतात. तेव्हा कंपनीने हटवलं तर हलवण्याचा खर्च बहुतेक करारांत मिळतो, स्वतः मागून घेतलेल्या बदलीला सहसा मिळत नाही. डेन्व्हरचं घर विकायचं की भाड्याने द्यायचं, हे त्या पहिल्या वर्षाच्या भाडेकरारानंतर बघा.

आणि आज करायचं काम एवढंच: पुढच्या महिन्याच्या बिडआधी डेन्व्हर ते न्यूअर्क, लागार्डिया, केनेडी आणि फिलाडेल्फिया या चारही मार्गांच्या, सगळ्या कंपन्यांच्या, आठवड्याच्या सातही दिवसांच्या वेळा एका कागदावर उतरवा, न्यूअर्कच्या घड्याळात. ज्या रिपोर्ट टाइमच्या आधी दोन विमानं बसतात त्याखाली रेघ मारा. पीबीएसमधली पहिली ओळ ती रेघ.